चार सेकंद जास्त

आमच्या घरात ही गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच. बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिला माझ्या मोबाईलचा पासवर्ड, माझ्या शुगरचा आकडा आणि मी चोरून बिडी कुठे ओढायचो ती जागा, सगळं ठाऊक आहे. पलटणीतल्या एका जुन्या मित्राला सांगायचं एकदा ठरवलं होतं. तो दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता, म्हटलं याच्यापाशी सुरक्षित राहील. त्याच्या उशाशी तासभर बसलो, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवल्या आणि परत आलो. तो गेला. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीनं बरं आहे.

लिहायला बसलो की आधी दुसऱ्याच गोष्टी सुचतात. मी किती कष्ट घेतले, किती पहाटे उठलो, थंडीत कसा उभा राहिलो. त्या खऱ्या आहेत. पण त्या सांगितल्या की तुम्ही मला चांगला बाप म्हणाल, आणि मग मला पुढचं सांगता येणार नाही. म्हणून त्या जेवढ्या लागतील तेवढ्याच सांगतो.

मी फौजेत होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून अठराव्या वर्षी भरती झालो, नायब सुभेदार होऊन बाहेर पडलो. शेवटची बरीच वर्षं पी.टी.चा उस्ताद — म्हणजे जवानांना पळवणारा, दोर चढवणारा आणि दिवसभर ओरडणारा माणूस. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये लांबत गेलं, मुलगी तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढली. पेन्शन लागल्यावर गावी जायचं म्हणता म्हणता दिल्लीतल्याच द्वारकेत राहिलो. आता एका सोसायटीत आम्ही तिघं आहोत — मी, ही आणि ऋतुजा. ऋतुजा सत्तावीस वर्षांची आहे, गुडगावला एका कंपनीत काम करते. तिच्या लग्नाचं बघतोय असं ही सगळ्यांना सांगते. ऋतुजा कुणाला काहीच सांगत नाही.

ऋतुजा पळायची.

अकरा वर्षांची असताना एकदा तिची शाळेची बस चुकली. आमच्या क्वार्टरपासून बस निघाली की दोन वळणं घेऊन मेसच्या मागे थांबायची. मी गॅलरीत दाढी करत होतो. ही पोरगी पाठीवर दप्तर घेऊन मैदानातून तिरकी पळत सुटली. मी ओरडायला तोंड उघडलं — ते उघडंच राहिलं. मी हजारो माणसं पळताना पाहिलेली. कोण पायानं पळतो, कोण छातीनं पळतो, कोण नुसता भीतीनं पळतो, हे मला दहा पावलांत कळतं. ती यातल्या कशानंच पळत नव्हती. ती नुसती पुढे जात होती. तिनं बस गाठली. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी हिला हाक मारली, तर ही म्हणाली, डबा विसरली ना कार्टी?

दुसऱ्या दिवसापासून मी तिला घेऊन मैदानावर जाऊ लागलो. पहाटे पाच. उन्हाळ्यात बरं वाटायचं, थंडीत धुक्यात ती पन्नास पावलांवर दिसेनाशी व्हायची आणि मला नुसते तिचे पाय ऐकू यायचे. मी ऐकून सांगायचो — डावा पाय जड पडतोय. ती धुक्यातून ओरडायची, हां पप्पा. दोन वर्षांत तिची शर्यत ठरली. आठशे मीटर. मैदानाच्या दोन फेऱ्या.

मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचो. ती रेषा ओलांडायची, मी बटण दाबायचो, वेळ सांगायचो. ती धापा टाकत कठड्यापाशी जायची. तिथे एक लांब रजिस्टर ठेवलेलं असायचं, खाकी पुठ्ठ्याचं, आमच्या ऑफिसातलंच — त्यात ती स्वतः तारीख आणि वेळ लिहायची. हा नियम मीच केला होता. खेळाडूनं आपली वेळ आपल्या हातानं लिहावी, म्हणजे ती अंगात उतरते. हे मी तिला सांगितलं होतं.

आता इथे मला थोडं मागे जावं लागेल. मागे गेल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही — की मीच टाळतोय? असेल.

मी रंगरूट होतो, नुकताच भरती झालेला, तेव्हा आमचे एक उस्ताद होते, हरियाणाचे. ते आम्हाला पळवायचे आणि वेळ जास्त सांगायचे. म्हणजे मी खरं तर जेवढ्या वेळात पळालो, त्याच्यावर ते गुपचूप चार-पाच सेकंद चढवायचे. आम्ही नापास, असं समजून आम्ही जीव तोडून पळायचो. मग परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना रांगेत बसवलं, चहा पाजला, आणि हसून सांगितलं, तुम्ही सगळे महिन्याभरापूर्वीच पास झालेले आहात, मी तुम्हाला उल्लू बनवत होतो. आम्ही त्यांना खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही असे पळालो की विचारू नका. मी उस्ताद झालो तेव्हा मीही तेच केलं. कित्येक तुकड्यांना केलं. आणि प्रत्येक तुकडीला आदल्या संध्याकाळी सांगितलं. चहा पाजून.

ऋतुजाच्या बाबतीत मी एका सेकंदानं सुरुवात केली. ती चौदा वर्षांची होती. पहिल्यांदा तर चुकूनच झालं असेल, बटण उशिरा दाबलं गेलं असेल — असं मला आवडलं असतं लिहायला. तसं झालं नाही. मी वेळ वाचली आणि तोंडानं दुसरी सांगितली. तिनं ओठ चावला, वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती खरोखरच जास्त जोरात पळाली. युक्ती लागू पडली. मग एकाचे दोन सेकंद झाले. दहावीपर्यंत तीन. अकरावीत चार.

तिनं घड्याळ बघायला कधी मागितलं नाही. मी आकडा सांगायचो आणि अंगठा लगेच दुसऱ्या बटणावर जायचा, पाटी कोरी. सवय होती. मुद्दाम लपवलं असंही नाही, लपवायची वेळच आली नाही. बापाच्या हातातलं घड्याळ कोण तपासतं?

ते रजिस्टर अजून आहे. ऋतुजानं जपून ठेवलंय, तिच्या कपाटात, सर्टिफिकिटांच्या फाईलखाली. सुरुवातीचे आणि एक खोडलेला सोडला तर त्यातला प्रत्येक आकडा खोटा आहे आणि प्रत्येक आकडा तिच्या अक्षरात आहे. बाकीचे खरे आकडे कुठेच लिहिलेले नाहीत. ते माझ्या डोक्यात होते, आणि आता माझंही डोकं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. काही आठवतात, काही मी बहुतेक रचतो.

तुम्ही विचाराल, स्पर्धेत वेळ कळली नाही का? शाळांच्या स्पर्धेत बहुतेक वेळा नुसता नंबर सांगतात, पहिला, दुसरा, तिसरा. ती पहिली-दुसरी यायची. पण एकदा कळली. अकरावीची थंडी संपत आली होती. दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर स्पर्धा होत्या, मी ड्यूटीमुळे जाऊ शकलो नव्हतो. संध्याकाळी ती घरी आली ती बूट न काढताच. तिच्या हातात एक चिठ्ठी होती. तिथल्या पी.टी. सरांनी कौतुकानं तिची वेळ लिहून दिली होती — दोन मिनिटं एकोणीस सेकंद. तिच्या वहीतली सगळ्यात चांगली वेळ दोन बावीस होती. पप्पा, दोन एकोणीस, ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. ती नाचत वगैरे नव्हती, ती तशी नाहीच. नुसती चिठ्ठी धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मला काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. चहा ठेवायचा, तिला बसवायचं, आणि हसून सांगायचं.

मी म्हणालो, ग्राउंड छोटं असणार.

मी आणखीही म्हणालो. म्हटलं, शाळेवाले मैदान नीट मोजत नाहीत, रविवारी जाऊन मोजून येतो. तिनं मान हलवली. तिला ते अगदी पटलं, कारण मी तसाच माणूस आहे — मोजून बघणारा. रविवारी मी खरोखर गेलो. स्टोअरमधून लांब टेप घेतली, वॉचमनला म्हटलं मुलगी इथे पळाली होती, जरा मैदान बघतो. आतल्या कडेनं गुडघ्यावर बसत, खुणा करत, पूर्ण फेरी मोजली. पाऊण तास लागला. चारशे मीटर होतं. बरोबर चारशे, एक वीत इकडे नाही की तिकडे. कुणीतरी मनापासून आखलेलं मैदान होतं.

घरी आलो आणि म्हणालो, आठ मीटर कमी आहे.

दोन फेऱ्यांचे सोळा मीटर. म्हणजे जवळजवळ तीन सेकंद. हा हिशेब तिनंच केला, पेन्सिलनं, माझ्यासमोर. मग रजिस्टरमध्ये चिठ्ठीवरून उतरवलेल्या दोन एकोणीसवर तिनं एक सरळ रेघ मारली आणि शेजारी दोन बावीस लिहिलं. रेघ पट्टी लावून मारली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, एवढ्या लांब मोजायला गेलात, येताना कोथिंबीर तरी आणायची.

मी का केलं? याचं उत्तर मी बऱ्याचदा शोधून बघितलंय. युक्ती अर्धवट सोडायची नव्हती, हे एक. पण तुकडीला मी नेहमी सांगायचो, मग पोरीलाच का नाही? तुकडी दुसऱ्या दिवशी निघून जायची. ऋतुजाही गेली असती. तिची वेळ बाहेर कळली असती तर तिला कॅम्पला नेलं असतं, दुसरा कोच मिळाला असता, शिकलेला, सर्टिफिकेटवाला, आणि मी उरलो असतो स्टँडमध्ये टाळ्या वाजवायला. कमी पडत असेपर्यंत ती माझी होती. पहाटे पाचला माझ्या आधी उठून, बूट बांधून दारात उभी राहणारी. मला ते सोडवेना. एवढंच आहे. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

बारावीच्या वर्षी दिल्लीच्या ज्युनिअर संघाच्या ट्रायल्स लागल्या. खेळाडूंमध्ये बोलवा होती की आठशेला दोन वीसच्या आत असाल तर जा, नाहीतर हसं करून घ्याल. ऋतुजाची खरी वेळ त्या सुमारास दोन अठरा होती. कधीकधी त्याच्याही किंचित खाली. वहीत होतं दोन बावीस. ती चार दिवस गप्प होती. मग एका सकाळी पळणं झाल्यावर पोटऱ्या चोळत बसली — पोटऱ्या हा शब्द तिला येत नाही, ती पिंडली म्हणते — आणि मला म्हणाली, पप्पा, जाऊ का मी ट्रायलला? तुम्हीच सांगा.

मी तिला म्हणालो, तुला काय वाटतं?

हे वाक्य ऐकायला किती चांगलं आहे, नाही? मुलीचं मत विचारणारा बाप. ती म्हणाली, दोन सेकंद बाहेर आहे मी, उगाच जाऊन काय करू यार, बोर्डाचा अभ्यास तरी होईल. मी म्हणालो, बघ, तुझी मर्जी. मग ती उठली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि घरी गेली. त्यानंतर ती मैदानावर आली, पण महिना-दोन महिनेच. बोर्डाची परीक्षा आली, ती संपली, आणि पहाटे पाचला दारात कुणी उभं राहीनासं झालं. मी उठायचो. सवय होती. बूट घालून बसायचो आणि पुन्हा काढायचो. म्हणजे जे हातातून जाऊ नये म्हणून मी एवढं केलं, ते चार महिन्यांत गेलंच.

ट्रायलच्या दिवशी मी गेलो होतो. घरी सांगितलं, कस्तुरबा गांधी मार्गावर एका साहेबांचं काम आहे. स्टेडियममध्ये जाऊन वरच्या पायरीवर बसलो, खिशात स्टॉपवॉच. मुली आल्या, रेषेवर उभ्या राहिल्या. मी प्रत्येकीची वेळ घेतली. पहिली आली ती ऋतुजापेक्षा चांगली होती, तिच्याबद्दल वाद नाही. दुसरी दोन एकोणीस. तिसरी दोन वीसच्या वर. तिसरीलाही घेतलं. तिची आई रेलिंगपाशी उभी राहून रडत होती, आणि मी घड्याळाकडे बघत होतो. मला वाटलं, आता मला काहीतरी होईल, छातीत दुखेल, ओकारी येईल. काही झालं नाही. भूक लागली होती. बाहेर छोले-कुलचे खाल्ले आणि बसनं घरी आलो. ऋतुजा अकाउंट्सची गणितं सोडवत होती. तिनं मान वर न करता विचारलं, साहेबांचं काम झालं? मी म्हणालो, झालं.

तेव्हापासून हे असंच आहे. लोक म्हणतात मन खातं, झोप उडते. माझी झोप उडाली नाही. आत कुठेतरी पाय सुन्न झाल्यासारखं वाटतं, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर होतं तसं — आपलाच आहे, पण हात लावला तरी कळत नाही. मी त्याच्यावर नऊ-दहा वर्षं चाललोय. चालता येतं.

आणि तिचं काही वाईट झालं का? हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. बी.कॉम. झाली, नोकरी लागली, मेट्रोनं जाते-येते, आईला सरोजिनी नगरला नेऊन स्वेटर घेऊन देते. कुणी बघितलं तर म्हणेल, छान आहे की पोरगी. फक्त एक आहे. ती कशालाच पहिल्यांदा हात वर करत नाही. ऑफिसात नवीन काम आलं की ती म्हणते, दुसऱ्या कुणाला द्या, मी थोडी कमी पडेन. लिफ्टसाठी सगळे धावले तर ती पायऱ्यांकडे वळते. एकदा हिनं विचारलं, अगं एवढं काय प्रत्येक गोष्टीत मागे राहायचं? ती हसून म्हणाली, मम्मी, मला माझी लेव्हल पता है. पप्पांनी मोजून दिलीय. हे ती अभिमानानं म्हणाली. माझ्याकडे बघून.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या छातीत दुखलं, तेव्हा स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले चाला, रोज, आणि हळूहळू वेग वाढवा. फौजेतला माणूस, मला वाटलं होतं मी आपोआप चालेन. पण घरातून लिफ्टपर्यंत जायची भीती वाटायची. छातीवर हात ठेवून सोफ्यावर बसून राहायचो. शेवटी ऋतुजानं एका सकाळी माझे बूट आणून पायाशी ठेवले. चलो पप्पा, म्हणाली. आजपासून मी उस्ताद.

तेव्हापासून ती मला शिकवते. आमच्या सेक्टरमध्ये एक पार्क आहे, त्याला पक्की वाट आहे, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान उतरतं. ती आधी मोबाईलवर हवा बघते, हवा फार खराब असली तर इमारतीतच पायऱ्या चढवते. बाकी दिवशी पार्क. ती माझ्यासोबत उलटी चालते, माझ्याकडे तोंड करून, आणि सांगते — खांदे खाली, हात मोकळे, श्वास नाकानं. हे सगळे माझेच शब्द. माझ्याच आवाजात, म्हणजे मी जसा ओरडायचो तशी सुरुवात करते आणि मग तिला माझ्या छातीची आठवण येते आणि आवाज खाली येतो. मी थकलो की ती म्हणते, त्या बाकापर्यंत, बस. बाकापाशी गेलो की पुढच्या बाकापर्यंत. चांगली कोच आहे. माझ्यापेक्षा चांगली. मला हे तिला सांगावंसं वाटतं आणि मी सांगत नाही, कारण त्याच्या पाठीमागून दुसरंही बाहेर येईल.

फेरी झाली की ती मोबाईल माझ्यासमोर धरते. तुम्हीच वाचा, म्हणते. कधी वेळ सुधारलेली असते, कधी बिघडलेली. बिघडली तर तसं तोंडावर सांगते, अकरा सेकंद स्लो, पप्पा. एकदा मी म्हटलं, अगं आजारी माणसाला जरा गोड सांगायला काय जातं? ती म्हणाली, तुम्ही मला कधी गोड सांगितलं? मला तेच आवडायचं. बाकी सगळ्यांचे पप्पा वाह वाह करायचे, तुम्ही खरं सांगायचात.

मी पुढच्या बाकापर्यंत चाललो. काय करणार होतो?

आता जे सांगायचंय ते सांगतो. वरचं सगळं जुनं आहे. जुन्या गोष्टीला माणूस म्हणू शकतो, तेव्हा अक्कल नव्हती, तेव्हा तरुण होतो. हे या फेब्रुवारीतलं आहे. अक्कल होती. सगळं ठाऊक होतं.

ऋतुजाला कंपनीनं विचारलं होतं, की तू एक टीम सांभाळशील का, पंधरा माणसांची. पुण्याला जावं लागेल. तिनं हे आम्हाला लगेच सांगितलं नाही. चार दिवस गप्प होती — तिची चार दिवसांची शांतता मला ओळखू येते. मग शनिवारी पार्कमध्ये माझ्या तीन फेऱ्या झाल्यावर आम्ही बाकावर बसलो. ऊन चांगलं पडलं होतं. शेजारच्या बाकावर दोन बायका विणत बसल्या होत्या. तिनं मला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. म्हणाली, माझं मन हो म्हणतंय. पण मला कळत नाही की मी घाबरतेय की खरंच मला झेपणार नाही. आणि मग ती म्हणाली, एक विचारू? खरं सांगाल?

मी म्हटलं, विचार.

"तेव्हा ट्रायलला गेले असते, तर लागला असता माझा नंबर? मला कधीकधी वाटतं, मी तेव्हा पण घाबरलेच होते. अभ्यासाचा बहाणा केला. तुम्ही तर तेव्हा सगळ्यांच्या वेळा बघायचात. मी कुठे जवळपास होते का, पप्पा?"

ती माझ्याकडे वळून बसली होती. तिनं दारच उघडून दिलं होतं, मला नुसतं आत जायचं होतं. तू त्यांच्यात होतीस. दुसरी तू होतीस. एवढीच वाक्यं. मी ती मनात कित्येक वर्षं बोलून पाहिलेली, मराठीत, हिंदीत. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानामागे दोन केस पांढरे झालेत. मला वाटलं, हे सांगितलं की ती उद्यापासून माझ्या डोळ्यांसमोर मोबाईल धरणार नाही. बूट पायाशी आणून ठेवणार नाही. पुण्याला जाईल, आणि मी सोफ्यावर बसेन. मला दुसरं काहीही वाटलं नाही. तिच्याबद्दल तर काहीच नाही.

मी म्हणालो, "नाही. तू कमीच होतीस. दोन-तीन सेकंद."

तिनं श्वास सोडला. लांब. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं असं दिसलं, आणि ती हसली.

"अच्छा. म्हणजे मी घाबरले नव्हते. कमीच होते," ती म्हणाली. "मग ठीक आहे. इतके दिवस उगाच स्वतःला शिव्या घालत होते."

मग तिनं तिथेच मोबाईल काढला आणि ऑफिसला मेल लिहिला. इंग्रजीत, छोटासाच. लिहून झाल्यावर तिनं तो मला मराठीत करून सांगितला — संधी दिल्याबद्दल आभार, पण एवढी जबाबदारी घेण्याइतकी मी अजून तयार नाही, माझ्यापेक्षा चांगल्या माणसाला ती द्यावी. बरोबर वाटतंय ना, तिनं विचारलं. अंगठा तिनं सेंडच्या बटणावर नुसताच धरून ठेवला होता. माझ्यासाठी थांबली होती.

मी म्हणालो, "पाठव."